गच्चीवरचे पत्रे आणि घसारा
(रौप्यमहोत्सवी समारंभातील भाषण)

१७ मे २०२१ आठवतो ना? तौक्ते वादळात आपल्या गच्चीवरचे पत्रे पार्किंगमध्ये येऊन पडले. विमा होता, म्हणून आपण निश्चिंत. हातात आली निम्म्याहून कमी रक्कम.

सर्व्हेअरचा हिशेब साधा होता. समजा, तशीच नवी शेड ४ लाखांची. तिचं आयुष्य २० वर्षं धरलं आणि १२ वर्षं होऊन गेली, तर घसारा ६० टक्के. उरले १ लाख ६० हजार. त्यातून भंगाराची किंमत आणि नुकसानीतला आपला ठरलेला वाटा वजा. काहीजण चिडले, फसवलं म्हणाले. पण पॉलिसीत ‘बाजारमूल्य’ असंच लिहिलं होतं. आम्ही कमिटीवाल्यांनी ते वाचलंच नव्हतं. मीसुद्धा!

आता इमारत २५ वर्षांची झाली. आपण हारतुरे घालतो, विम्यात मात्र दरवर्षी घसारा वाढतो. म्हणून यंदा ‘रीइन्स्टेटमेंट’, म्हणजे नव्याने उभारण्याच्या खर्चावर विमा घ्यावा, असं माझं मत. हप्ता थोडा वाढेल. पूर्ण पैसे काम प्रत्यक्ष केल्यावरच मिळतात, तोवर घसारा कापूनच. आणि विम्याची रक्कम आजच्या बांधकाम खर्चाइतकी हवी. कमी असली तर भरपाईही त्या प्रमाणात कापतात. जागेचा भाव त्यात धरायचा नाही बरं का!

नूतनीकरणाचे कागद ऑफिसात आहेत. सर्वसाधारण सभेआधी येऊन बघा, चष्मा घेऊन या.