पाण्याचा एक थेंब

नवी कोल्हापुरी चप्पल ताठ असते, करकरते. पुढे ती पायाचा आकार घेते आणि तिचा रंग गडद होत जातो. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेल्या या कातड्यावर रंगाचा जाड थर नसतो, म्हणून ऊन, तेल, घाम सगळं त्यात थेट मुरतं. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांसाठी तिला भौगोलिक मानांकन मिळालं. पावसाशी मात्र तिचं जमत नाही.

ॲनिलिन फिनिशचं चामडंही याच जातकुळीचं. केवळ रंगवलेलं, त्यामुळे कातडीवरची बारीक छिद्रं स्पष्ट दिसतात. स्पर्श अतिशय सुंदर. पण चहा सांडला की डाग कायमचा.

शाळेचे बूट किंवा गाडीची सीटं वेगळी. त्यांवर रंगद्रव्य आणि रेझिनचा लेप असतो. ओल्या फडक्यानं पुसलं की काम झालं, म्हणून लोकलच्या गर्दीत रोज वापरायच्या पर्ससाठी हाच फिनिश घ्यावा. सेमी-ॲनिलिन या दोहोंच्या मधलं, पातळ लेपाचं.

दुकानात ओळखायचं कसं? दुकानदाराला विचारून, आतल्या कडेला पाण्याचा एक थेंब टाकावा. तो मुरून जागा काळवंडली तर चामडं उघडं आहे. मण्यासारखा वर राहिला तर लेप आहे.

स्वेड आणि नुबक यांची मऊ लव मात्र सगळ्यांत नाजूक. त्यांना नेहमीचं बूटपॉलिश लावलं की लव चिकटून बसते. तिथे कोरडा ब्रशच हवा.