पाण्याचा रेणू सरळ की वाकडा?

चिमूटभर मीठ पाण्यात टाका, बघता बघता विरघळते. तेच रॉकेलात टाका, तळाशी जाऊन बसते. असे का व्हावे?

पाण्याच्या रेणूत ऑक्सिजनचा एक अणू आणि हायड्रोजनचे दोन. ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढतो. त्यामुळे त्याच्या अंगाला थोडा ऋण विद्युत् भार येतो, हायड्रोजनच्या अंगाला तेवढाच धन. हा भार आणि त्या दोन टोकांमधले अंतर यांचा गुणाकार म्हणजे द्विध्रुव परिबल. ते ‘डिबाय’ या एककात सांगतात. १९३६ साली रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवणारे पीटर डिबाय, त्यांचेच हे नाव.

अध्यापनाच्या पहिल्या वर्षी मी फळ्यावर हा रेणू सरळ रेषेत काढला. मागच्या बाकावरून एकाने विचारले, “सर, मग दोन्हीकडची ओढ फिटून नाही का जाणार?” मी गप्प झालो. पोराचे खरे होते!

शेतातला ओंडका दोघे जण दोरांनी ओढताहेत असे समजा. दोघांनी विरुद्ध दिशांना सारखाच जोर लावला, तर ओंडका हलणार नाही. दोर तिरपे धरले, की तो मधल्या दिशेने सरकतो. परिबलालाही अशीच दिशा असते. कार्बन डायऑक्साइडचा रेणू सरळ, म्हणून त्याचे परिबल शून्य. पाण्याच्या वाफेचे मोजले तर भरते १.८५ डिबाय. म्हणजे पाण्याचा रेणू वाकडाच हवा.

आता हिशेब मांडू. दोन बंधांमधला कोन १०४.५ अंश. त्याच्या निम्म्याची कोज्या ०.६१२. १.८५ ला २ × ०.६१२ ने भागा. एका बंधाच्या वाट्याला १.५१ डिबाय येतात. नुसते निम्मे केले असते, तर ०.९३ हे चुकीचे उत्तर आले असते. बंधाची लांबी ०.९५८ ऑंगस्ट्रॉम. हायड्रोजनने आपला इलेक्ट्रॉन सगळाच देऊन टाकला असता, तर एका बंधाचे परिबल ४.६० झाले असते. १.५१ भागिले ४.६० म्हणजे ०.३३. या साध्या हिशेबाने, हायड्रोजनवर पूर्ण भाराच्या तिसऱ्या हिश्श्याएवढाच धन भार येतो.

तेवढा पुरतो. मिठातल्या धन कणांभोवती पाण्याची ऋण टोके जमतात, ऋण कणांभोवती धन टोके, आणि खडा सुटा होतो. रॉकेलाच्या रेणूंना अशी टोके जवळजवळ नाहीतच.

म्हणून शिक्षक बंधूंनो आणि भगिनींनो, फळ्यावर पाण्याचा रेणू वाकडाच काढा. आणि मागच्या बाकावरून प्रश्न आला, तर तो आधी ऐकून घ्या.