कंपनीला कुलूप लागण्याआधी

सप्टेंबर २००७ मध्ये बजाज ऑटोने आकुर्डीच्या कारखान्यातले उत्पादन थांबवले. उत्तराखंडात करसवलत होती; पंतनगरला नवा कारखाना सुरू झाला होता. आकुर्डीच्या कामगारांचे हात काही एका रात्रीत अडाणी झाले नव्हते! पुढे २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले, तेव्हा हीच धास्ती पुण्याच्या आयटीवाल्यांच्या घरात शिरली.

नोकरी टिकणे अनेकदा आपल्या हाती नसते. कागद मात्र असतात. नोकरी बदलली की पीएफ काढून मोकळे होण्याची आपल्याकडे फार सवय. घराचा हप्ता, मुलीची फी... गरज असतेच. पण १९९५ च्या पेन्शन योजनेत मासिक पेन्शनसाठी १० वर्षांची सेवा लागते. तीन-तीन वर्षे चार कंपन्यांत राबलेल्या माणसाने दर वेळी पेन्शनचा भागही काढून घेतला, तर बारा वर्षांची चाकरी त्या हिशेबात शून्य. त्याऐवजी यूएएन तोच ठेवून खाते नव्या कंपनीकडे वर्ग करावे. नाव, जन्मतारीख, रुजू झाल्याची तारीख बरोबर आहे ना, हे नोकरीत असतानाच तपासावे. कंपनीला कुलूप लागल्यावर सही कोणाची आणणार?

आणि हो, अर्जात नुसते ‘ऑपरेटर, १५ वर्षे’ लिहू नका. कोणते मशीन चालवले, सेटिंग स्वतः करत होता का, नव्या मुलांना शिकवले का, ते लिहा. भोसरीतला लघुउद्योजक आधी तेच विचारतो.