गारा पडण्याआधीचे तीन तास



हवामानावर बोलायला सॉफ्टवेअरवाला कशाला, असं काहींना वाटलं असेल. मी हवामानतज्ज्ञ नाही. पण इशारा वेळेवर निघतो आणि तरी माणसापर्यंत पोहोचत नाही, ही भानगड माझ्या कामात रोजची आहे.

दारव्ह्यात वादळ म्हटलं की आपल्याला मे-जून आठवतो. खरा घात होतो तो हिवाळा सरताना. हरभऱ्याची गंजी वावरात लागलेली असते, गहू ओंबीवर असतो. २०१४ मध्ये फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या मध्यापर्यंत राज्यात ठिकठिकाणी गारपीट होत राहिली. ११ फेब्रुवारी २०१८ ला मराठवाडा आणि पश्चिम विदर्भाला पुन्हा तडाखा बसला. या दिवसांत उत्तरेकडून वर थंड, कोरडी हवा येते, खाली बंगालच्या उपसागराकडून दमट वारा येतो, आणि दोघांची गाठ आपल्या डोक्यावर पडते. मे महिन्यात गार खाली येता येता बरीच वितळते. फेब्रुवारीत वरची हवा थंड असल्यामुळे ती तशीच पत्र्यावर आदळते.

अंदाज मिळाला म्हणजे तयारी झाली, असं मात्र नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये अमेरिकेतल्या टेक्सासवर बर्फाचं वादळ आलं. ते येणार हे काही दिवस आधीच सांगितलं गेलं होतं. तरी पंचेचाळीस लाखांहून जास्त घरांची वीज गेली आणि सरकारी मोजणीनुसार २४६ माणसं दगावली. २०११ मध्येही तिथे असंच झालं होतं. वीजकेंद्रं थंडीसाठी सज्ज करा, अशा शिफारशी तेव्हाच झाल्या होत्या, पण सक्ती नव्हती, म्हणून बऱ्याच जणांनी त्या बाजूला ठेवल्या. ऊब मिळावी म्हणून काहींनी घरात कोळसा पेटवला, बंद गॅरेजमध्ये गाडी सुरू ठेवली, आणि त्या धुरानेच जीव गेले. आपल्याकडेही डिसेंबर-जानेवारीत खोली बंद करून शेगडी ठेवतात. ती बाहेर विझवा, मगच झोपा.

आता इशारा वाचायचा कसा? पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारंगी म्हणजे तयार राहा, लाल म्हणजे हातातलं काम सोडून हालचाल करा. पण हा रंग जिल्ह्याला दिलेला असतो, आणि आपला जिल्हा सोळा तालुक्यांचा आहे. गारांचा पट्टा अरुंद असतो. यवतमाळ जिल्हा नारंगी असून दारव्ह्यात ऊन पडलेलं असू शकतं, मग लोक म्हणतात, "हे तर नेहमीच सांगतात." माझा हिशेब साधा आहे. गंजीवर ताडपत्री टाकून दोरी बांधायला तासभर जातो. दहापैकी आठ वेळा तो तास वाया गेला, तरी उरलेल्या दोन वेळांत अख्खा हंगाम वाचतो.

जिल्ह्याच्या रंगापेक्षा पुढच्या तीन तासांचा तातडीचा अंदाज जास्त कामाचा. तो नागपूरच्या प्रादेशिक हवामान केंद्राकडून येतो. विजेसाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं 'दामिनी' ॲप घ्या. व्हॉट्सॲपवर आलेल्या इशाऱ्यात तारीख आणि वेळ नसेल, तर तो पुढे ढकलू नका. मागच्या वर्षीचा निरोप यंदा फिरतो, आणि खरा येतो तेव्हा कोणी वाचत नाही.

फोन ज्याच्या खिशात नाही त्याचं काय? वावरातली मजूर बाई, गाडीवर संत्री विकणारा, पत्र्याच्या खोलीत एकटी राहणारी म्हातारी. इथे मोहल्ल्याचं काम सुरू होतं. भोंग्यावरून आपल्याकडे बरेच वाद झालेत, ते आज नकोत. परवानगीच्या चौकटीत, ठाणेदारांशी आधी बोलून, मशिदीतून आणि देवळातून एकच वाक्य मराठीत सांगता येईल: गारा येत आहेत, झाडाखाली थांबू नका, पक्क्या घरात जा.

येत्या दोन-तीन वर्षांत रमजान याच दिवसांत येतोय. गारपीट बहुतेक वेळा दुपारनंतर ते संध्याकाळच्या सुमारास होते, आणि नेमकी तेव्हाच आपली इफ्तारची गर्दी मंडपाखाली असते. नारंगी इशारा असेल त्या दिवशी मंडप सोडा, शाळेत किंवा सभागृहात बसा.

वादळ सरल्यावर तुटलेल्या तारेजवळ जाऊ नका, १९१२ वर महावितरणला कळवा. जिल्हा आपत्ती कक्षाचा नंबर १०७७. आवरायच्या आधी तारीख आणि ठिकाण दिसेल असे फोटो काढा आणि तलाठ्याला कळवा. सरकारी मदतीसाठी पिकाचं किमान ३३ टक्के नुकसान पंचनाम्यात दिसावं लागतं. आपल्यातले बरेच जण बटईने शेती करतात. सातबारा मालकाच्या नावावर, त्यामुळे मदतही त्याच्याच खात्यात जाते. बी-बियाणं आणि घाम बटईदाराचा असतो, आणि ही गोष्ट मला फार खुपते. कायदा बदलेल तेव्हा बदलेल. तोवर हंगामाच्या आधीच मालकाशी दोन ओळींचा कागद करा, मदत आली तर वाटा किती ते त्यात लिहा. गारा पडल्यावर हे बोलणं कोणालाच जमत नाही.

दाराजवळ एक वही ठेवली आहे. आपल्या गल्लीत पत्र्याचं छत कोणाचं, एकटं कोण राहतं आणि त्यांना निरोप कोण देणार, एवढंच तिच्यात लिहायचं आहे. जाताना आपली गल्ली भरून जा.