साडेनऊची भीती आणि पंधरा दिवसांची मुदत

(केंद्राच्या मासिक शिक्षण परिषदेत शिक्षण विस्तार अधिकाऱ्यांनी केलेले भाषण)



आजच्या परिषदेत वाचन व गणित ह्यांविषयी पुष्कळ विचारविनिमय झाला. शेवटची काही मिनिटे मी एका निराळ्या विषयासाठी मागून घेतली आहेत. तो विषय अभ्यासक्रमात नाही; परंतु आपल्या गावांतील कष्टाचा पैसा त्यापायी नाहीसा होत आहे, आणि त्यास आळा घालणे बऱ्याच अंशी आपल्या हाती आहे.

सन २०२२ मध्ये महाराष्ट्रभर वीजग्राहकांच्या मोबाईलवर एक संदेश येऊ लागला. मागील महिन्याच्या बिलाची नोंद झालेली नाही, सबब आज रात्री साडेनऊ वाजता वीजपुरवठा खंडित होईल, ताबडतोब वीज अधिकाऱ्याशी बोलावे, असा त्याचा आशय. खाली एक मोबाईल क्रमांक. त्या क्रमांकावर बोलणारा गृहस्थ मोठा सभ्य असतो. थकबाकी काही नाही, केवळ नोंद राहिली आहे, एक ॲप उतरवून घ्या आणि दहा रुपये भरा, एवढेच तो सांगतो. ते ॲप सुरू होताच आपल्या मोबाईलवरील सर्व काही त्यास तिकडे बसल्या जागी दिसू लागते. दहा रुपयांसाठी आपण लिहिलेले कार्डावरील अंक त्याला दिसतात आणि बँकेकडून आलेला ओटीपीही दिसतो. मग खाते रिकामे व्हावयास कितीसा वेळ लागणार?

हे मी ऐकीव सांगत नाही. मी स्वतः ह्या जाळ्यात सापडलो. अठरा हजार रुपये गेले. आपणांस वाटेल, शिकलासवरलेला मनुष्य कसा फसला? त्यावर मी पुष्कळ विचार केला. तीस वर्षे माझे आयुष्य परिपत्रकांत गेले. कागदाच्या डोक्यावर 'तात्काळ' असा शेरा दिसला की प्रथम पालन करावयाचे आणि विचार मागाहून, हीच आपणां सर्वांस सवय जडली आहे. त्या भामट्याने माझ्या अज्ञानाचा फायदा घेतला नाही. माझ्या आज्ञाधारकपणाचा घेतला.

माझी दुसरी चूक पहिलीहून मोठी होती. लोक हसतील ह्या लाजेने मी दोन दिवस कोणाशी बोललो नाही. तिसऱ्या दिवशी बँकेत गेलो, तेव्हा पैसे चार खात्यांतून फिरून निघून गेले होते. असे प्रकार घडताच १९३० ह्या क्रमांकावर कळविले, तर पैसे वाटेत थोपविण्याची संधी असते. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकाचेही तत्त्व असेच आहे : ग्राहकाच्या निष्काळजीपणाने नुकसान झाले, तरी बँकेस कळविल्यानंतरच्या नुकसानीचा भार त्याच्यावर राहत नाही. म्हणजे मौनाचा प्रत्येक तास आपल्याच खिशातून जातो.

आता खरे-खोटे ओळखावे कसे? वीज कायदा, २००३ ह्याच्या कलम ५६ अन्वये थकबाकीसाठी वीज तोडण्यापूर्वी ग्राहकास पूर्ण पंधरा दिवसांची लेखी सूचना द्यावी लागते. सूचना कागदावर येवो की मोबाईलवर, मुदत पंधरा दिवसांची. आज संदेश आणि आज रात्री अंधार, असे कायद्यात नाही. खाजगी मोबाईल क्रमांकावरून आपण असे संदेश पाठवीत नाही, हेही महावितरणने जाहीर केले आहे. शंका आल्यास संदेशातील क्रमांकास हात न लावता १९१२ वर विचारावे, अथवा गावच्या वायरमनला गाठावे.

आपल्या जिल्ह्यात ह्या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. टेंभली गावी २९ सप्टेंबर २०१० रोजी देशातील पहिला आधार क्रमांक दिला गेला. पुढे मजुरी, शिष्यवृत्ती, अनुदान, सारे आधार आणि बँकखात्याच्या मार्गाने येऊ लागले. परंतु घरी भिली, पावरी वा मावची बोलणाऱ्या आजोबांस इंग्रजी संदेश कोण वाचून दाखविणार? आईबाप ऊसतोडीस गुजरातेत गेलेले असतात. मोबाईल आजोबांच्या बंडीत आणि वाचणारा पाचवीतील नातू. त्या नातवाला अक्षरे आपण शिकविली आहेत. 'घाई करू नका, बाबा, गुरुजींना विचारू,' एवढे म्हणावयासही आपणच शिकविले पाहिजे.

ह्यासाठी स्वतंत्र तासाची गरज नाही. मुलांना घरचे वीजबिल आणावयास सांगावे. बारा अंकी ग्राहक क्रमांक, वापरलेले युनिट, भरण्याची अंतिम तारीख ही त्यांनी शोधावीत. शंभर वॅटचा दिवा दहा तास जळला की एक युनिट होते, हे गणितातच बसते. ज्याला आपल्या बिलाची तारीख ठाऊक आहे, त्यास साडेनऊची भीती घालणे कठीण. मग एका मुलाने खोटा अधिकारी व्हावे, दुसऱ्याने आजोबा, आणि आजोबांनी त्यास इतके प्रश्न विचारावेत की तो पळून जाईल. मुलांना हा खेळ आवडतो, हा माझा अनुभव आहे. ओटीपी व पिन कोणासही सांगू नये, अनोळखी व्यक्तीने धाडलेले ॲप उघडू नये, हे दोन नियम फळ्याच्या कोपऱ्यात कायम असावेत.

शेवटी एक विनंती. कोणी फसून आपल्या दारी आला, तर 'असे कसे केलेत?' हा प्रश्न त्यास विचारू नका. तो प्रश्न ऐकावा लागेल ह्या भीतीनेच मी दोन दिवस घरी बसलो होतो. आधी १९३० लावून द्या, त्याच्यासोबत बँकेत जा. शहाणपणाचे चार शब्द दुसऱ्या दिवशी सांगता येतील.