घाटाचा भार
(औंढे येथील सभेंतील भाषण)

लोणावळ्याचें यार्ड आपल्या शेजारीं आहे. मालगाडी कर्जतेस आली म्हणजे तिच्या मागें जादा इंजिनें लागतात. 37 फुटांस 1 फूट असा चढ तीं रेटून वर आणतात व लोणावळ्यास सुटतात. उतरणीस तर ब्रेक तपासल्याविना गाडी सोडीत नाहींत.

हा घाट 1856 पासून 1863 पर्यंत खोदला गेला. 1861 सालीं 42,000 वर मजूर होते. पटकीनें व तापानें हजारों मेले. 1859 त मजुरी थकली तेव्हां मजूर उठले, आणि त्याच सालीं फॅव्हिएल कंत्राटदारानें काम सोडलें. पुढला ट्रेडवेल आल्याबरोबर वारला. त्याच्या बायकोनें, अ‍ॅलिसबाईनें, कंत्राट पुरें करविलें. तिचें नांव पुस्तकांत आहे, असावेंच! पण डोक्यावर खडी वाहणारी आमची बाई कोणत्या पुस्तकांत आहे?

आतां पाटी नको, इंजिन हातीं घ्या. दहावी व आय.टी.आय. झालेल्या मुलामुलींस सहाय्यक चालकाची परीक्षा देतां येते, तीही मराठींत. अर्ज भरावयाचा असेल त्यांनीं सभा उठल्यावर येथेंच थांबावें.