वसतिगृहातून फोन आला तर



देवरी, सालेकसा, अर्जुनी मोरगावकडच्या आपल्या मुली आता बारावीनंतर गोंदियाला, नागपूरला शिकायला जातात, वसतिगृहात राहतात. एखाद्या दिवशी फोन येतो, "आई, माझ्या खोलीतल्या मुलीला टीबी निघाला." आपल्या तोंडून पटकन निघतं, "बॅग भर आणि घरी ये." आज त्याबद्दलच बोलूया.

घाबरणं साहजिक आहे. पण रोवणीच्या दिवसांत घरी आलेली मुलगी बांधीत उतरते, मग कोणीतरी स्थळ आणतं, परीक्षा राहून जाते. आजार दुसरीला झाला आणि शिक्षण आपल्या मुलीचं सुटलं, असं होऊ द्यायचं नाही.

साथीच्या आजारात तर घाईने घरी आणणं गावालाही महागात पडतं. फेब्रुवारी 2021 मध्ये वाशीम जिल्ह्यात, रिसोड तालुक्यातल्या देगावच्या एका निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलांना कोरोना निघाला. त्यांतली बहुतेक मुलं अमरावती, यवतमाळ अशा बाहेरच्या जिल्ह्यांतली होती. शाळेचा परिसर प्रतिबंधित क्षेत्र जाहीर झाला. ती सगळी मुलं त्याच दिवशी एसटीने आपापल्या गावी गेली असती तर? आजार किती घरांत, किती म्हाताऱ्यांपर्यंत पोचला असता, विचार करा. म्हणून अशा वेळी आधी तपासणी, मग डॉक्टर सांगतील तसं.

टीबीची गोष्ट थोडी वेगळी आहे. फुप्फुसाचा टीबी असलेला माणूस खोकतो, शिंकतो, तेव्हा जंतू हवेतून पसरतात. ताट-वाटी, कपडे, हात मिळवणं यांतून तो पसरत नाही. बंद खोलीत बराच काळ सोबत राहिल्यानेच धोका वाढतो. आणि जंतू अंगात गेला म्हणजे टीबी झालाच असं नाही. दहांपैकी साधारण नऊ जणांना आयुष्यभर आजार होत नाही.

मग कॉलेजने, विद्यापीठाने काय करायला हवं? आजारी मुलीचा उपचार लगेच सुरू व्हावा. खोलीतल्या आणि जवळच्या मैत्रिणींची तपासणी व्हावी. टीबीच्या प्रत्येक रुग्णाची नोंद सरकारकडे करणं 2012 पासून बंधनकारक आहे, खासगी डॉक्टरांनाही. पण नोंद करणं वेगळं आणि नाव फलकावर लावणं वेगळं. मुलीचं नाव चारचौघांत जाता कामा नये. आजारपणात तिची वसतिगृहातली जागा, हजेरी आणि परीक्षा यांची सोय संस्थेने करायला हवी.

हे आपोआप होईलच असं नाही. आपण विचारायला हवं. फोन आला की वॉर्डनबाईंना चार प्रश्न विचारा. माझ्या मुलीची तपासणी कधी होणार? कुठे होणार? डॉक्टरांनी प्रतिबंधक गोळ्या सांगितल्या आहेत का? खोलीच्या खिडक्या उघडतात का, एका खोलीत किती मुली राहतात? एकटीला बोलायला संकोच वाटत असेल तर गटातल्या दोघी-तिघी मिळून जा.

आणि टीबी आपल्याच मुलीला निघाला तर? लपवू नका. "लग्न कसं होईल" या भीतीने कित्येक घरांत औषध चोरून घेतात किंवा मध्येच सोडतात. साध्या टीबीचा उपचार किमान सहा महिने चालतो. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषध दोन्ही फुकट आहे. नियमित गोळ्या घेतल्या तर बहुतेकांकडून काही आठवड्यांतच आजार पसरायचा थांबतो, मात्र तसं डॉक्टरांनी सांगायला हवं. बरं वाटलं म्हणून गोळ्या बंद केल्या तर जंतू औषधाला दाद देईनासे होतात आणि पुढचा उपचार लांबतो, अवघड होतो. उपचार चालू असताना सकस आहारासाठी निक्षय पोषण योजनेतून महिन्याला पैसे बँक खात्यात जमा होतात. 2018 मध्ये ते 500 रुपये होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 रुपये झाले. खातं मुलीच्या नावाचं आणि चालू आहे ना, एवढं पाहा.

दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, रात्री घाम, उतरलेलं वजन, यांतलं काही दिसलं तर आशाताईंना सांगा. थुंकीची तपासणी करून घ्या. सुट्टीत घरी आलेल्या मुलीकडेही या नजरेने एकदा बघा. वसतिगृहातली मुलगी "काही नाही गं" म्हणून सांगायचं टाळते.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत एक काम करा. आपल्या गटातल्या किती जणींच्या मुली बाहेर शिकतात ते मोजा. प्रत्येकीच्या वसतिगृहाचं नाव आणि वॉर्डनबाईंचा फोन नंबर एका वहीत लिहून ठेवा. फोन आला तर आपली मैत्रीण एकटी घाबरून बसणार नाही. पोरीची बॅग भरायच्या आधी ती ही वही उघडेल आणि पहिला फोन वॉर्डनबाईंना लावेल.